विचारा, सांगते : आतडं कुणाचं ऐकतं?

गेल्या अंकात ॲसिडिटीवर लिहिलं आणि पत्रांचा सगळा ओघ पोटाकडे वळला. निम्म्या पत्रांत औषधं विचारली होती. ती बाजूला ठेवली, कारण मी जन्मभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, दवाखाना कधी चालवला नाही. उरलेली बहुतेक पत्रं आतड्याच्या भिंतीतल्या मज्जासंस्थेभोवती फिरत होती, म्हणून या वेळी तीच घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं देते.

आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर मजकूर फिरतोय : पोटात दुसरा मेंदू असतो, आनंदाचं ९५ टक्के रसायन तिथंच तयार होतं, म्हणून रोज पोट साफ ठेवलं की नैराश्य येत नाही. यात खरं किती? पोटाला विचार करता येतो का? (निवृत्त शिक्षक, कराड)

गुरुजी, पहिलं वाक्य बरंचसं खरं, दुसरं अर्धवट आणि तिसरं ओढूनताणून आणलेलं.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतल्या थरातले तंतू गोल वळशांनी जातात, बाहेरच्या थरातले लांबीच्या दिशेनं. या दोन थरांच्या मधे मज्जापेशींच्या पुंजक्यांचं एक जाळं पसरलेलं आहे. लेओपोल्ड आउअरबाख या जर्मन संशोधकाच्या नावानं ते ओळखलं जातं. दुसरं जाळं त्याच्याही आत, अस्तराच्या लगत आहे. ते गेऑर्ग माइसनरनं १८५७ मध्ये दाखवलं. ढोबळ वाटणी अशी की आउअरबाखचं जाळं हालचाल बघतं आणि माइसनरचं जाळं पाझर आणि रक्तपुरवठा. दोन्ही मिळून मज्जापेशी किती? मोजणीच्या पद्धतीप्रमाणे १० कोटींपासून ६० कोटींपर्यंत अंदाज आहेत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या तोडीस तोड. डोक्यातल्या मेंदूत मात्र सुमारे ८६०० कोटी आहेत. ग्रुपवर हा दुसरा आकडा कुणी टाकत नाही.

आतडं मेंदूला न विचारता काम करतं, हे आम्ही विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दाखवायचो. सशाच्या लहान आतड्याचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा घ्यायचा. खालच्या टोकाला दोरा बांधून तो काचेच्या नळीच्या आकड्याला अडकवायचा, वरच्या टोकाचा दोरा लेखणीच्या दांडीला. तुकडा ३७ अंशांवर ठेवलेल्या टायरोड द्रावणात, म्हणजे शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात, बुडवायचा आणि खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे. समोर फिरणाऱ्या ड्रमवर काजळी धरलेला चकचकीत कागद. पाच-दहा मिनिटं काहीच होत नाही, पोरं घड्याळाकडे बघू लागतात. मग लेखणी हलते, वर जाते, खाली येते आणि काजळीत पांढरी नागमोडी रेघ उमटायला लागते. ससा नाही, मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, तुकडा आपला हलतोय. नसांच्या टोकांतून सुटणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचा थेंब टाकला की रेघ टणकन वर चढायची, ॲड्रिनालिन टाकलं की खाली बसून सपाट व्हायची. द्रावण बदलून धुतलं की पुन्हा लाटा सुरू. शेवटी कागद राळेच्या स्पिरिटमध्ये बुडवून वाळत घालायचा आणि जर्नलला चिकटवायचा. हातांची काजळी दोन दिवस जायची नाही. आता हे सगळं संगणकाच्या पडद्यावर दाखवतात. सशांच्या दृष्टीनं चांगलंच झालं.

इथं मी मुलांना हमखास अडवायचे. ‘ही लाट कोण काढतंय?’ सगळे एका सुरात म्हणणार, आतड्यातल्या मज्जापेशी. नाही! नुसतं लयीत आकुंचन-प्रसरण करणं हे स्नायूंच्या थरांत बसलेल्या काहालच्या पेशींचं काम. त्या मज्जापेशी नाहीतच. त्या फक्त ताल धरतात : माणसाच्या जठरात मिनिटाला ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला १२, पुढे हळूहळू कमी. तालावर प्रत्यक्षात काय वाजवायचं ते मज्जापेशी ठरवतात.

ते कसं, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १८९९ मध्ये मांडलं. (दोघे एकमेकांचे मेव्हणे. स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली. घरगुती मामला असूनही काम पक्कं झालं.) भूल दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा त्यांनी तोडल्या आणि आत गोळा सरकवला. गोळ्याच्या मागचं आतडं आवळलं, पुढचं सैल पडलं आणि गोळा पुढे गेला. १९१७ मध्ये पाउल ट्रेंडेलनबुर्गनं गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून तेच दाखवलं. तुकड्यात हळूहळू पाणी भरत गेलं की एका मर्यादेला तो स्वतःहून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आवळत जाऊन रिकामा व्हायचा.

आज या साखळीतली एकेक कडी माहीत आहे. घास अस्तराला घासतो, भिंत ताणतो. अस्तरातल्या काही खास पेशी दाबल्या जाऊन सेरोटोनिन, म्हणजे तुमच्या ग्रुपवरचं ‘आनंदाचं रसायन’, सोडतात. त्यानं संवेदी मज्जापेशींची टोकं जागी होतात. आणि या पेशी भिंतीतच राहतात, ही खरी मेख. निरोप कण्यापर्यंत जायची गरजच नाही. तो तिथंच मधल्या पेशींना मिळतो आणि दोन वाटांनी फुटतो. तोंडाच्या बाजूला गेलेला निरोप ॲसिटिलकोलिन आणि सबस्टन्स पी सोडून स्नायू आवळतो, गुदाच्या बाजूला गेलेला नायट्रिक ऑक्साइड आणि व्हीआयपी नावाचं प्रथिन सोडून स्नायू सैल करतो. हे व्हीआयपी म्हणजे मंत्र्यांच्या गाडीतलं नव्हे. लॅंग्ली या केंब्रिजच्या शास्त्रज्ञानं १९२१ मध्ये स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, मज्जासंस्थेचे तीन भाग केले : सिंपथेटिक (धावपळीच्या वेळी जोर करणारा), पॅरासिंपथेटिक (निवांतपणी काम करणारा) आणि तिसरा आतड्याचा. आमच्या पाठ्यपुस्तकांनी तिसरा भाग कितीतरी वर्षं दोन ओळींत उरकला.

मग मेंदूचा अधिकार किती? तो दोन्ही टोकांना जास्त, मधे कमी. घास गिळणं मेंदूच्या देठाच्या ताब्यात आहे. शौचाला जायचं की थांबायचं हे गुदद्वाराचा बाहेरचा गोल स्नायू (स्फिंक्टर) आवळून आपण ठरवतो. जठरावर व्हेगस नसेचा, म्हणजे मेंदूतून पोटापर्यंत उतरणाऱ्या नसेचा, बराच वचक असतो. पूर्वी अल्सरसाठी व्हेगस कापायचे, तेव्हा जठर नीट रिकामं होईना, म्हणून सर्जन त्याच वेळी पुढची वाट रुंद करून ठेवायचे. पण त्याच रुग्णांचं लहान आतडं पुढे काम करतच राहायचं. मंत्रालयातून जीआर येतात, पण गावातल्या नळाचा कॉक पंचायतीचा शिपाई फिरवतो, तसा हा कारभार. गंमत म्हणजे व्हेगसमधले बहुतेक तंतू खालून वर निरोप नेणारे आहेत, साधारण ८० टक्के. वरून खाली येणारे थोडेच.

आता सेरोटोनिन. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन पचनमार्गात असतं, हे खरं. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं वेगळं बनवतो. आतड्यात ते आनंद देत नाही, वर सांगितलं तसं ढकलाढकलीचं काम करतं. ते जास्त सुटलं तर जुलाब आणि मळमळ. म्हणूनच नैराश्याच्या काही गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही दिवस पोट बिघडतं आणि केमोथेरपीच्या उलट्यांवर सेरोटोनिनची एक वाट अडवणारं ऑनडॅन्सेट्रॉन देतात. तेव्हा गुरुजी, पोट साफ झालं की बरं वाटतं, यात वाद नाही. पण नैराश्य आलेल्या माणसाला एरंडेल देऊ नका, डॉक्टरकडे न्या.

आणि विचार? आतड्याला विचार येत नाही, भीती वाटत नाही, निर्णय तर दूरच. त्याला घास कळतो, ताण कळतो, आम्ल कळतं, आणि त्यावर काय करायचं ते आतडं करतं. मला हे ‘दुसऱ्या मेंदू’पेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं म्हणाले, पण दोन दिवस पाणीसुद्धा दिलं नाही. राउंडला येणारा प्रत्येक डॉक्टर एकच विचारायचा, ‘गॅस पास झाला का?’ म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत लाज वाटत होती. हे इतकं का महत्त्वाचं? (गृहिणी, इचलकरंजी)

कारण त्या वॉर्डात त्याहून चांगली बातमी नसते.

पोट उघडून आतडं हाताळलं की ते काम थांबवतं. याला दोन-तीन गोष्टी कारणीभूत. सुरुवातीला सिंपथेटिक नसा ब्रेक लावतात. पुढच्या काही तासांत स्नायूंच्या थरात दाह सुरू होतो आणि आतड्याची स्वतःची जाळी मंदावते. त्यात दुखण्यासाठी मॉर्फीनसारखं औषध दिलेलं असेल तर ते याच जाळ्यातल्या पेशींना गप्प करतं. मग जाग येते तीही ठरावीक क्रमानं : लहान आतडं आधी, साधारण एका दिवसाच्या आत. मग जठर, एक ते दोन दिवसांनी. मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन ते तीन दिवसांनी. वारा सरला म्हणजे रांगेतला शेवटचा गडीही उठला. पोटावर स्टेथोस्कोप लावून ऐकलेल्या गुडगुडीपेक्षा ही खूण जास्त भरवशाची.

आता बऱ्याच ठिकाणी इतकं थांबत नाहीत. लवकर चालायला लावतात, घोटघोट पाणी सुरू करतात, अफूच्या जातीची औषधं कमी वापरतात, काही सर्जन तर च्युइंगगम चघळायला देतात. चघळलं की आतड्यांना जेवण येतंय असा निरोप जातो. तुमच्या वडिलांना तसं का केलं नाही, हे आतडं कुठं आणि कसं जोडलं त्यावर अवलंबून असेल. ते सर्जनलाच विचारा, विचारायचा तुम्हाला हक्क आहे. लाजेचं म्हणाल, तर ‘वारा सरला’ हे त्यांनी खणखणीत आवाजात सांगावं.

अफूवरून आठवलं. मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला बाळगोळी देऊन निजवायच्या. तिच्यात अफू असायची. मूल झोपायचं, आणि त्याचं पोटही. जुलाबावरची आजची लोपेरामाइडची गोळी आतड्यातल्या त्याच कुलपाला लागते, फक्त ती मेंदूत टिकू शकत नाही म्हणून झोप आणत नाही. तरी लहान मुलांना ती आपल्या मनानं देऊ नका. पोट फुगून जिवावर बेततं.

सकाळी चहाचा कप संपायच्या आत मला धावावं लागतं. मित्र म्हणतात सवय आहे, बायको म्हणते आजार आहे. (रिक्षाचालक, नाशिक)

दोघंही चुकले. जठर भरायला लागलं की मोठं आतडं जोरानं ढकलायला लागतं. हा जन्मजात प्रतिक्षेप आहे आणि सकाळी उठल्यावर तो सगळ्यात जोरदार असतो. तान्हं मूल दूध पिता पिता लंगोटात शी करतं ते यामुळेच. चहा गरम, दिवसाचा पहिला, म्हणून मान त्याला. बद्धकोष्ठ असलेल्यांनी खरं तर ही वेळ साधावी. आलेली हाक परतवून लावण्याची सवय वाईट.

आमच्या बाळाला (मुलगा) जन्मल्यावर दोन दिवस शी झाली नाही, पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली. बायॉप्सीत ‘गँग्लियन पेशी नाहीत’ असं आलं. हर्षस्प्रुंग नावाचा आजार म्हणाले, ऑपरेशन सांगितलंय. घरात मोठी माणसं म्हणतात, ग्रहणात आईनं पथ्य पाळलं नाही. (बाळाचे वडील, नांदेड)

आधी ग्रहणाचा निकाल लावू, कारण तुमची पत्नी बाळंतीण आहे आणि हे बोलणं तिच्या कानावर पडतंय.

गँग्लियन पेशी म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी. त्या आतड्यात जन्मत नाहीत. गर्भाच्या मानेजवळ, होणाऱ्या मज्जारज्जूच्या कडेला त्यांचं मूळ. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्या पचनमार्गाच्या वरच्या तोंडाशी शिरतात आणि वाढत, पसरत खाली सरकतात. सातव्या आठवड्याच्या आसपास शेवटच्या टोकाला पोचतात. ही वाटचाल मधेच थांबली तर पुढचा भाग पेशींविना राहतो. गुदाशय वाटेवरचं शेवटचं ठिकाण, म्हणून तो नेहमी त्यात सापडतो. थांबण्यामागे बहुतेकदा जनुकांतले बदल असतात, आरईटी नावाचं जनुक त्यात मुख्य. सातव्या आठवड्यात कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हेही नुकतंच कळलेलं असतं. सूर्य-चंद्राचा, विळी-सुरीचा यात काडीचा संबंध नाही. ही ओळ घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

सुमारे ५,००० जन्मांत एक बाळ असं असतं आणि मुलग्यांत हे जास्त दिसतं. पेशी नसलेला भाग लुळा पडत असेल असं वाटतं, पण घडतं उलटं. तो आवळूनच राहतो, कारण स्नायूला ‘सैल हो’ म्हणणाऱ्या पेशीच तिथं नाहीत. वरचा चांगला भाग अडलेल्या मालानं फुगत जातो. कोपनहेगनच्या हाराल्ड हर्षस्प्रुंगनं १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत अशी दोन बाळं वर्णन केली, तेव्हा डोळ्यांत भरला तो फुगलेला भाग. पुढची कित्येक वर्षं सर्जन तोच कापत राहिले, आणि दुखणं परत येत राहिलं. दोष खालच्या अरुंद, दिसायला साध्या भागात आहे हे धरून तो काढणारं ऑपरेशन बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सननं १९४८ मध्ये मांडलं. तुमच्या बाळाचं ऑपरेशन त्याच विचाराचं सुधारलेलं रूप आहे. पेशी नसलेला तुकडा काढून चांगलं आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडतात. पेशी कुठपर्यंत आहेत हे बघायला त्या वेळी पुन्हा तुकडे तपासतात, म्हणून ऑपरेशन लांबलं तर घाबरू नका.

एक गोष्ट मात्र कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही, पोट फुगणं, ताप, मलूलपणा आणि घाण वासाची फवाऱ्यासारखी शी, ही लक्षणं दिसली तर रात्र असो वा दिवस, लगेच रुग्णालय गाठायचं. आतड्याचा तो दाह फार वेगानं वाढतो. घरी ओवा-हिंगाचा लेप लावत बसायचं नाही. आणि पुढच्या मुलाचा विचार कराल तेव्हा जनुकतज्ज्ञाला भेटा. शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. किती, ते बाळाच्या आतड्याचा किती भाग गेला त्यावरून ते सांगतील.

नीटच्या प्रत्येक टेस्टआधी मला मळमळतं आणि दोन-तीनदा जावं लागतं. जुलाबाची गोळी घेऊन गेले तर चालेल का? (विद्यार्थिनी, लातूर)

मळमळ आणि जुलाब एकदम कसे, हा प्रश्न तुला पडला असेलच. ताण आला की मेंदूतून सुटणारा निरोप जठराला थांबवतो आणि मोठ्या आतड्याला पळवतो. वर अडतं, खाली सुटतं. वॉल्टर कॅनन हार्वर्डला शिकत असतानाच, क्ष-किरण नुकते सापडलेले असताना, मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराची हालचाल बघायचा. मांजर चिडलं, घाबरलं की पडद्यावरच्या लाटा जागच्या जागी थांबायच्या. शांत झालं की पुन्हा सुरू. तुझं जठर तेच करतंय, ते बिघडलेलं नाही.

गोळी दर टेस्टला घेऊ नकोस, पुढे बद्धकोष्ठ मागे लागेल. टेस्टच्या दोन तास आधी हलकं खा, तेलकट आणि कॉफी नको, आणि टॉयलेटला जायला वेळ राहील असं निघ. शीत रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा शौचासाठी झोपेतून उठावं लागलं, तर मात्र ते टेस्टवर ढकलू नकोस, डॉक्टरला दाखव.

मधुमेहाला बरीच वर्षं झाली. हल्ली दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत पोटात बसून राहतं. इन्सुलिन घेतल्यावर आधी साखर उतरते, मग रात्री उगाच चढते. (बँकेतून निवृत्त, ठाणे)

उगाच चढत नाही. इन्सुलिन वेळेवर पोचतं, जेवण उशिरा. साखर फार काळ वाढलेली राहिली की व्हेगस नस, जठरातल्या सैल करणाऱ्या मज्जापेशी आणि ताल धरणाऱ्या काहालच्या पेशी, तिघांनाही मार बसतो आणि जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा आणि जठर रिकामं होण्याची तपासणी लागेल का विचारा. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचं नवं इंजेक्शन सुरू असेल तर तेही सांगा. त्यातली बरीचशी जठर मंद करतात. तोवर थोडंथोडं आणि मऊ खा. तुमच्यासारख्यांना तूप सोडलेली पुरणपोळी आणि कोंड्याची भाकरी दोन्ही जड. इन्सुलिनची वेळ मात्र स्वतःच्या मनानं बदलू नका.

एकादशीला पोटात कावळे ओरडतात. भुकेचा आवाज कुठून येतो? (पंढरपूर)

पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक जोरदार लाट जाते. उरलेसुरले कण, पाझर, जंतू पुढे लोटून आतडं झाडून काढणं हे तिचं काम. आत हवा आणि पाणी एकत्र ढवळलं जातं, त्याचा तो आवाज. काही खाल्लं की ही लाट तिथंच मोडते. साबुदाण्याची खिचडी चालते. मग तो उपास कसला, हा प्रश्न माझ्या विषयात बसत नाही.